अंगणवाडी दुपारी सुटते, ताईंचं काम चारला

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला, कामवाल्या बायकांनी सोबत लहान मुलं आणू नयेत, गेटवर अडवण्यात येईल. खाली पटापट अंगठे. त्यातला एक आमच्याच घरातला, त्यावरून रात्री जे व्हायचं ते झालं, असो.

आमच्याकडे येणाऱ्या ताईंची धाकटी दोन वर्षांची. ओट्याखाली बसवून दोन वाट्या नि एक चमचा दिला की तासभर हूं की चूं नाही, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटायचं, एवढंसं पोर इतकं गप्प राहायला शिकलं कुठे. आता ती येत नाही. पाचवीतली थोरली शाळा बुडवून तिला घरी सांभाळते.

मीही शहाणपणा करत विचारलं, अंगणवाडीत का नाही ठेवत? ताई हसल्याच. "वहिनी, तीन वर्षांच्या आतल्यांना तिथं आहाराचं पाकीट देतात, वजन करतात, बसवून नाही घेत. मोठ्यांचीही दुपारी सुटते, माझं शेवटचं घर चारला आटपतं."

माझा मुलगा लहान होता तेव्हा पाळणाघराला महिना आठ हजार द्यायचो. ताईंची चार घरांची कमाई मिळून तेवढी होते.

कायदे नाहीत असं नाही. 1948 च्या फॅक्टरी कायद्यात, 1976 च्या दुरुस्तीनंतर, 30 च्या वर बायका असतील तर पाळणाघर सक्तीचं होतं, 2017 ला मॅटर्निटी बेनिफिटच्या, म्हणजे बाळंतपणाच्या रजेच्या कायद्याच्या दुरुस्तीत 50 कर्मचाऱ्यांच्या ऑफिसलाही ते लावलं. पण ताई चार घरं करतात आणि प्रत्येक घरात कामगारसंख्या एक! मोजणार कोण? 2022 पासून केंद्र सरकारच्या मिशन शक्ती योजनेत 'पालना' आहे, म्हणजे अंगणवाडीला जोडूनच पाळणाघर, कल्पना एकदम बरोबर, पण टार्गेट अख्ख्या देशाला 17,000, आणि अंगणवाड्या आहेत 14 लाखांच्या आसपास. शिवाय हे पण त्याच सेविकेच्या गळ्यात मारायचं नाही हां, मानधनावर राबणारी ती बाई आधीच रजिस्टर, ॲप आणि सर्व्हेत बुडालेली असते. वेगळी माणसं घ्या, पगार द्या.

आणि यात नवीन काय आहे? डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी आपल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी, शाळा एकत्रच ठेवली, कारण धाकट्याची सोय झाल्याशिवाय थोरली शाळेत बसणार नाही हे त्यांना आदिवासी पाड्यावर दिसलं होतं. आपल्याला शहरात दिसत नाही, आपल्याला "झेपत नाही तर मुलं होऊ कशाला द्यायची" एवढंच सुचतं (हा मेसेज पण ग्रुपवरचाच).

खरं तर हे महापालिकेचं काम, वस्तीतच, सकाळी आठ ते पाच, फी नावापुरती. ते होईल तेव्हा होईल म्हणून मी परवा ग्रुपवर टाकलं, आपलं क्लबहाउस दहा ते चार रिकामंच असतं, सतरंजी टाकू, एक बाई पगारावर ठेवू, सगळे मिळून भरू पैसे.

पहिला रिप्लाय: "टाइल्स खराब होतील."