यकृत बिघडलेला उंदीर कमी का हालतो? एकटा अमोनिया दोषी नाही

‘यकृताचा जुनाट आजार झालेला उंदीर सुस्तावतो, कारण रक्तात चढलेला अमोनिया (प्रथिनं पचताना तयार होणारं, एरवी यकृत निकामी करतं ते विषारी द्रव्य) मेंदू मारतो. अमोनिया उतरवला की उंदीर पूर्ववत.’ हा दावा आरोग्यविषयक लेखांत आणि व्हिडिओंत सतत भेटतो. अमोनिया महत्त्वाचा आहे, यात वाद नाही. बाकीचं मात्र तपासून पाहावं लागतं.

‘यकृत बिघडलेला उंदीर’ असा एकच प्राणी नसतो. रॅटची (प्रयोगशाळेतल्या मोठ्या जातीच्या उंदराची) पित्तनलिका दोन ठिकाणी बांधून मधून कापली, की कावीळ काही दिवसांत दिसते आणि चार ते सहा आठवड्यांत सिरॉसिस, म्हणजे यकृतात व्रणासारख्या कडक ऊती, होतो. दुसऱ्या पद्धतीत यकृताकडे जाणारी पोर्टल शीर थेट महाशिरेला जोडतात. इथे यकृत आकसतं, पण सिरॉसिस होत नाही. पहिल्यात पित्त तुंबतं आणि दाह मोठा असतो, दुसऱ्यात आतड्यातलं रक्त यकृत टाळून पुढे जातं. एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला चिकटवला, की चूक तिथेच सुरू होते.

‘मेंदू मारतो.’ नाही. स्पेनमधल्या वॅलेन्सियातल्या संशोधकांनी 2006 मध्ये शीर जोडलेल्या रॅटच्या मेंदूत, हालचालीशी निगडित सब्स्टान्शिया नायग्रा या भागात, ग्लुटामेट हे मेंदूपेशींमधलं संदेशवाहक रसायन वाढलेलं पाहिलं. तिथला ग्लुटामेटचा एक रिसेप्टर (पेशीवरचा संदेश घेणारा रेणू) औषधाने रोखल्यावर हालचाल सुधारली. मेलेल्या पेशी औषधाने उठत नाहीत. म्हणजे इथे बिघाड संदेशवहनाचा आहे.

‘अमोनिया उतरवला की झालं.’ दाह कुठे गेला? त्याच गटाने 2007 मध्ये शीर जोडलेल्या रॅटना आयबुप्रोफेन दिलं, तेव्हा इंग्रजी ‘वाय’च्या आकाराच्या वाटांमधून योग्य वाट शिकण्याची त्यांची क्षमता परत आली. आयबुप्रोफेन हे दाहशामक आहे, अमोनिया उतरवायचं औषध नव्हे. (सिरॉसिसच्या रुग्णाने मात्र हे वाचून ती गोळी अजिबात घेऊ नये, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं.) पित्तनलिका बांधलेल्या लहान जातीच्या उंदरांत (माउस), यकृतातल्या दाहामुळे मेंदूत रोगप्रतिकारक पेशी शिरतात आणि उंदीर सोबत्यांपासून दूर राहू लागतो. शिवाय मँगनीज पित्तावाटे बाहेर पडतं. ती वाट बंद झाली, की ते मेंदूतल्या पॅलिडम या हालचालीशी निगडित भागात साचतं.

‘कमी हालला म्हणजे मेंदूच.’ सगळ्यात जास्त फसगत इथे होते. यकृत थकलं की अमोनिया पचवायचा भार स्नायूंवर येतो, आणि नेमके तेच झिजतात. पोटात पाणी साठलेला, भूक गेलेला, जखम दुखणारा प्राणी मेंदू ठणठणीत असला तरी कमीच हालेल. म्हणून प्राणी फिरत्या दांड्यावर किती वेळ टिकतो या चाचणीसोबत पकडीची ताकद आणि वजनही मोजायला हवं. दांड्याचा वेग साधारण 300 सेकंदांत मिनिटाला 4 वरून 40 फेऱ्यांपर्यंत चढवतात. आधी सराव दिला नाही, तर पडण्याची वेळ शिकण्याची असते, तोलाची नव्हे. खोटी शस्त्रक्रिया केलेला (पोट उघडून, पण नलिका किंवा शीर न छेडता शिवलेला), तेवढंच खाणं मिळालेला गट शेजारी हवाच. पित्त आतड्यात जात नसल्याने ‘के’ जीवनसत्त्व शोषलं जात नाही, म्हणून ते टोचून दिलं नाही तर रक्तस्रावाने अशक्त झालेला प्राणी ‘मेंदूबिघाडा’त मोजला जातो. आणि उंदीर निशाचर असल्याने फक्त दिवसाच्या नोंदीत फरक निसटू शकतो. अंधारात नोंद घ्यावी.

‘सुस्ती’ हे एकमेव लक्षणही नाही. रशियन शल्यचिकित्सक निकोलाय एक (Eck) यांनी 1877 मध्ये कुत्र्यांत शीरजोड केली. 1893 मध्ये रशियन शरीरशास्त्रज्ञ पाव्हलोव्ह आणि सहकाऱ्यांनी अशाच कुत्र्यांत चिडकेपणा, अडखळती चाल आणि आकडी नोंदवली, आणि मांस खाल्ल्यावर त्रास वाढताना पाहिला.

अमोनियाचा आकडा सांगणाऱ्याने नमुना कसा घेतला तेही सांगावं. रक्त बर्फात ठेवून प्लाझ्मा (रक्तातला पेशीविरहित द्रव) लगेच थंडीत वेगळा केला नाही, तर नळीतच अमोनिया तयार होत राहतो. रक्तपेशी फुटल्या तरी आकडा फुगतो. असा फुगलेला आकडा सुस्त उंदराशेजारी ठेवला, की वरचा दावा हमखास ‘सिद्ध’ होतो.