‘हरणं एरवीही एकमेकांना चाटतात, मग मक्यावर बंदी कशाला?’

अमेरिकेत मिशिगनमध्ये शिकारीचा हंगाम जवळ आला की हा युक्तिवाद जोरात फिरतो: हरणं कळपात राहतात, एकमेकांना चाटतात, एकाच शेतात चरतात, तेव्हा शिकारी हरणांना ओढून आणायला मक्यासारख्या आमिषाचे ढीग ठेवतात, त्यांनी सीडब्ल्यूडी किंवा क्षयासारखे रोग पसरतात हे थोतांड आहे. बंदी उठवा, शिकार वाढेल, हरणं कमी होतील, रोगही आटोक्यात येईल.

आधी नियम काय आहे ते पाहू. लोअर पेनिन्सुलात, म्हणजे मिशिगनच्या दक्षिणेकडच्या भागात, ३१ जानेवारी २०१९ पासून हरणांसाठी आमिष ठेवणं आणि त्यांना खाऊ घालणं, दोन्ही बंद झालं. अपंग शिकाऱ्यांच्या खास हंगामांपुरती सवलत ठेवली. उत्तरेकडच्या अप्पर पेनिन्सुलात मुभा राहिली, पण एका जागी जास्तीत जास्त २ गॅलन, तेही किमान १० फूट बाय १० फुटांत विखरून. मका असेल तर २ गॅलन म्हणजे साडेपाच-सहा किलो.

‘चाटतातच की.’ चाटतात, पण कोण कोणाला? पांढऱ्या शेपटीच्या हरणांत मादी, तिच्या मुली आणि पाडसं असा एका घरचा गट असतो. जवळचा सहवास मुख्यतः या गटातला. ढीग एरवी एकमेकांपासून अंतर राखणारे असे तीन-चार गट एकाच ठिकाणी, रोज रात्री, आठवडेच्या आठवडे आणतो. हरीण दाणे ओठांनी गोळा करतं, त्यातले काही लाळेने ओले होऊन परत ढिगात पडतात, आणि पुढचं हरीण नेमके तेच उचलतं. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजे सीडब्ल्यूडी, हा हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग; तो ज्या प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनांमुळे होतो ती लाळेत, मूत्रात आणि विष्ठेत असतात. मिठाची वडी त्याहून वाईट. मीठ पावसाने मातीत झिरपतं, वडी संपल्यावरही हरणं ती माती चाटत राहतात, आणि प्रायॉन मातीला चिकटून वर्षानुवर्षं टिकतात.

‘शेतातही एकत्रच चरतात.’ एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. तिथे प्रत्येक तोंडाला वेगळं रोप मिळतं. ढीग असतो दोन-तीन फुटांचा. म्हणूनच कायदा उभ्या पिकाला आमिष मानत नाही, आणून ओतलेल्या मक्याला मानतो. अप्पर पेनिन्सुलातली विखरण्याची अटही त्याचसाठी आहे, पण बरेच जण बादली उपडी करून निघून जातात आणि ती अट कागदावरच राहते.

‘आमच्याकडची हरणं धष्टपुष्ट आहेत.’ सीडब्ल्यूडीची लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण दीड ते दोन वर्षं जातात, आणि त्या काळातही प्रायॉन बाहेर पडत असतात. रोगट हरीण डोळ्यांनी ओळखता येत नाही. मारलेल्या हरणाच्या लसिका ग्रंथी तपासाव्या लागतात. लस नाही, उपचार नाही.

‘पुरावा दाखवा.’ मिशिगनपुरता सर्वांत ठोस धडा सीडब्ल्यूडीचा नाही, गोवंशाच्या क्षयाचा आहे. १९९४ मध्ये अल्पिना काउंटीत मारलेल्या एका हरणात तो सापडला. त्या ईशान्य पट्ट्यात त्याआधी कित्येक वर्षं हरणांना गाड्या भरभरून खाद्य घातलं जात होतं, त्यामुळे तिथे हरणांची दाटी झाली होती. १९९५ मध्ये मुख्य बाधित भागात क्षय झालेल्या हरणांचं प्रमाण ५ टक्क्यांच्या जवळ होतं. खाद्यावर बंधनं आली, हरणांची संख्या घटवली, आणि प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास उतरलं. दोन्ही उपाय एकत्रच झाले, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या बंदीला देता येत नाही, हे मान्य. पण रोग संपलाही नाही. गाईगुरांचे कळप बाधित होत राहिले.

‘बंदीमुळे शिकार घटते.’ या मुद्द्यात तथ्य आहे. शिकारी कमी होत चाललेत, त्यात जागेवर बसून शिकार करणाऱ्या वयस्कर माणसाला ढिगाचा आधार असतो. पण ढिगाला सरावलेली हरणं त्यावर रात्री येऊ लागतात, आणि रात्री बंदूक चालवता येत नाही. हरणं कमी करायची तर माद्या मारण्याचे परवाने वाढवणं हा सरळ मार्ग आहे.

‘थंडीत खाऊ घालणं ही दयाच.’ हिवाळ्यात हरणाच्या पोटातले जंतू काटक्या आणि कळ्या पचवण्याच्या तयारीत असतात. अचानक भरपूर मका पोटात गेला तर आम्ल वाढतं, जुलाब लागतात, आणि पोट भरलेलं हरीण दोन-तीन दिवसांत मरू शकतं. गायीने धान्याचं पोतं फोडून खाल्लं की काय होतं, ते शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

लोअर पेनिन्सुलातल्या डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांनी हेही लक्षात घ्यावं की परसातली गाजरं, सफरचंदं, उरलेल्या पोळ्या यांनाही हीच बंदी लागू होते, हातात बंदूक असो वा नसो. पक्ष्यांना दाणे घालता येतात, मात्र ते हरणाच्या तोंडाला लागणार नाहीत अशा बेताने. आणि भारतात हा वाद मुळात उद्भवतच नाही: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या व्याख्येतच आमिष लावणं आणि तसा प्रयत्न करणंही येतं.