अंदाजे किंमत चाळीस रुपये

गेल्या रविवारी माझ्या स्वयंपाकघराचा पंचनामा झाला. अगदी रीतसर. दोन पंच, घटनास्थळाचं वर्णन, दिशा, मुद्देमाल, अंदाजे किंमत, सगळं. कागद दूधवाल्याच्या बिलाचा होता आणि पंचनामा करणारे गृहस्थ निवृत्त होऊन दोन तपं उलटली होती, एवढं सोडलं तर खोट काढायला जागा नव्हती. मला राग आहे तो किमतीचा.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण लिहिलेलं राहतं. मी व्हिनेगर करत होतो. सफरचंदाचं. हल्ली लोक सकाळी उपाशीपोटी तोंड वाकडं करून घेतात ते. आता रसाचं थेट व्हिनेगर होत नाही, याला मी काय करू? आधी यीस्ट रसातली साखर खातं आणि तिचा अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. मग झाकण काढून हवा लागू दिली की दुसरे जिवाणू येतात आणि त्या अल्कोहोलचं ॲसिटिक आम्ल करतात. मधल्या मुक्कामाला जगात सायडर म्हणतात. सोलापूरहून पुण्याला जाताना कुर्डुवाडी लागते, म्हणून कोणी तुम्हाला कुर्डुवाडीकर म्हणत नाही. आता गाडी तिथे जरा जास्तच थांबणार होती, हे मी नाकारत नाही.

कृती सोपी आहे. सफरचंदं किसायची, मिक्सरमधून काढायची, पंच्यातून पिळायची. सहा किलोंचा जेमतेम तीन लिटर रस निघाला. मंडईत भाव एकशे ऐंशी रुपये किलो होता, हा आकडा लक्षात ठेवा. तयार डब्यातला रस स्वस्त पडला असता, पण त्यात सोडियम बेंझोएट किंवा पोटॅशियम सॉर्बेट असेल तर यीस्ट वाढतच नाही. शिवाय आपल्याला मिळतं ते खायचं सफरचंद, नुसतं गोड. सॉमरसेटला आणि नॉर्मंडीला सायडरसाठी वेगळी तुरट, कडवट सफरचंदं लावतात, कारण त्यांच्यात टॅनिन भरपूर असतं. आपल्याकडे त्यावर तोड म्हणून कपभर कोरा कडक चहा घालतात. मीही घातला. बरणीच्या झाकणाला भोक पाडून सलाईनची नळी बसवली आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवलं. वायू बाहेर जातो, हवा आत येत नाही.

अडचण दोनच गोष्टींची आली, आणि दोन्ही सोलापूरच्या. हे सगळं शिकवणारे लोक बसतात थंड देशात. ते म्हणतात, भांडी निर्जंतुक करा, भरपूर वाहत्या पाण्याखाली धुवा. वाहत्या! उजनी काठोकाठ भरल्याचे फोटो आपण पेपरात बघतो आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. मी बरणी धुवायला घेतली तेव्हा बायकोनं मोजून एक कळशी दिली आणि ती पुरते का ते बघत उभी राहिली. ज्या शहरात पाहुण्याला ‘कधी येताय’ विचारताना मनात पाण्याचा वार मोजावा लागतो, तिथे माणसानं छंद करावा तरी कसला? भरतकाम करावं. त्याला पाणी लागत नाही.

दुसरी अडचण उन्हाची. या यीस्टला पंधरा ते वीस अंश मानवतात. तिशीच्या वर गेलं की ते भलतेच वास सोडतं. आमच्याकडे ऑक्टोबरात रात्रीसुद्धा भिंती गरम लागतात. म्हणून मी बरणीला ओली सोलापुरी चादर गुंडाळली. हवा कोरडी असली की ओल्या कापडानं चांगला गारवा येतो. फक्त कोपऱ्यात ओल्या चादरीत कोणीतरी उकिडवं बसलंय आणि त्याला सलाईन लावलंय, असं दिसतं.

हे दृश्य तात्यांनी पाहिलं.

तात्या म्हणजे समोरच्या वहिनींचे वडील. मंगळवेढ्याचे. डोळे दाखवायला लेकीकडे आले होते. गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी आषाढीला पंढरपूर, आयुष्यात चहापलीकडे व्यसन नाही. आणि नोकरी उभी हयात दारूबंदी खात्यात शिपाई म्हणून. ते पेपर मागायला आले होते. उंबऱ्यावरच थांबले आणि मान वर करून त्यांनी नाकानं एक लांब श्वास घेतला.

“पाव्हणं, गूळ कुठला वापरता?”

“गूळ नाही तात्या. सफरचंद आहे. व्हिनेगर करतोय.”

“फळाचं ऱ्हाऊ द्या. गूळ कुठला?”

“गूळ नाहीच.”

“नवसागर?”

“नाही.”

“मग कशाच्या जिवावर चढवलंय हे?”

आवाजात संशय नव्हता. काळजी होती. चप्पल काढून ते थेट स्वयंपाकघरात गेले आणि चादरीचा कोपरा दोन बोटांत धरून त्यांनी चोळला. मला वाटलं, आतलं बघतील. ते चादरच बघत राहिले. उलटी केली, वीण पाहिली, आणि म्हणाले, “ही सोलापुरी न्हाई. पानिपतची हाय.”

सोलापुरात जन्म गेला माझा. चादर लग्नातल्या आहेरातली. आता ती कोणी दिली होती हे आठवून बघणं आलं, आणि मला आठवलंही, पण ते इथे नको.

मग त्यांनी बरणीला कान लावला. माळेचे मणी काचेवर टकटक वाजले. मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ धरून ते ग्लासातले बुडबुडे मोजू लागले. मिनिटभर घरात कोणी बोललं नाही. कुकरची शिट्टी होणार होती, ती बायकोनं शेगडी बंद करून थांबवली.

“नऊ,” तात्या म्हणाले. “मिनिटाला नऊ. आमच्या वक्ताला भट्टीचं रसायन असायचं, त्याला कान लावाय लागत नव्हता. बांधावरनं ऐकू यायचं. आणि हे तपकिरी काय दिसतंय?”

“चहा घातलाय थोडा.”

ते इतका वेळ गप्प राहिले की मला त्यांच्या रक्तदाबाची चिंता वाटली. “चहा,” ते शेवटी म्हणाले. “आणि गाळायचं भांडं कुठाय?”

“गाळायचं नाही तात्या, उकळायचंच नाही. हे असंच असतं. तेच तर सुरक्षित. विषबाधा होते ती कोणी मिथेनॉल मिसळलं तर. इथे नुसतं आंबवायचं आणि...”

“रसायनच प्यायचं?”

“व्हिनेगर तात्या. सॅलडवर.”

“सोलापुरात ऱ्हाऊन सफरचंद,” ते बायकोकडे वळून म्हणाले. “डाळिंब काय कमी पडलं?” यावर खरंच मला उत्तर नव्हतं. आमच्या डाळिंबाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, देशाचं डाळिंब संशोधन केंद्र आमच्या केगावात आहे, आणि मी काश्मीरचा माल पिळत बसलो होतो. बायको म्हणाली, “मीपण तेच म्हणत होते.” ती कधीही हे म्हणाली नव्हती.

एवढ्यात दूधवाला बिल घेऊन आला आणि वरच्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा पोरगा वाय-फायचा पासवर्ड विचारायला. “काय करायलाव ओ काका?” म्हणत तो आत डोकावला. तात्यांचे डोळे चमकले. दोन माणसं, म्हणजे दोन पंच. बिल पालथं झालं, खिशातलं पेन निघालं, आणि इतक्या वर्षांनी त्या हाताला मजकूर तोंडपाठ होता:

“आम्ही खाली सही करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, सदर इसमाच्या राहत्या घरी स्वयंपाकघराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, सिंकच्या पूर्वेस अंदाजे दोन फुटांवर, ओल्या (बनावट) चादरीत गुंडाळलेली एक काचेची बरणी मिळून आली. त्यात अंदाजे तीन लिटर गढूळ पिवळसर द्रव. वास उग्र नाही. अंदाजे किंमत चाळीस रुपये, बरणीसह.”

‘वास उग्र नाही’ खाली त्यांनी दोन रेघा मारल्या होत्या.

“तात्या, अकराशे रुपयांची तर सफरचंदं आहेत!”

“खर्च लिहीत न्हाईत. बाजारभाव लिहितात. बाजारात हे कोण घेईल?” त्यांनी पंचांना विचारलं, “तू घेशील?” दूधवाला बरणीकडे बघून म्हणाला, “फुकट दिलं तर घरी विचारून सांगतो.” हे कोण बोलतंय? ज्याच्या दुधात मी गेली कित्येक वर्षं उजनी पितोय तो!

मी बरीच हुज्जत घातली. शेवटी तात्या म्हणाले, बरणी धुऊन मिळाली तर पन्नास करतो. मी म्हटलं, पाणी शुक्रवारी येतं. चाळीसच राहिले. ‘आरोपीची सही’ अशा जागेवर माझी सही घेतली, पोरानं फोटो काढला, आणि तो सोसायटीच्या ग्रुपवर पोचला तेव्हा मी पेनाचं टोपण लावत होतो.

ग्रुपवर काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की ॲसिडिटी होते. हातभट्टीवर पोट असलेल्या कुटुंबांना दुसरे धंदे मिळवून देण्यासाठी सोलापूर ग्रामीण पोलिसांनी 2021 मध्ये ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केलं होतं. चांगलं, गंभीर काम. आमच्या सेक्रेटरींनी लिहिलं की तेच आता आपल्या बी विंगमध्ये राबवावं, आणि तळमजल्याच्या काकूंनी माझ्यासाठी शिलाई मशीन देऊ केलं. पायडलचं. हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. त्यात माझा सख्खा मेव्हणा होता.

गंमत ठीक आहे. पण ज्या कायद्याच्या नावानं हे सगळे हसत होते, तो जरा बघा. दारूबंदीचा कायदा 1949 चा. त्याप्रमाणे या राज्यात पिणाऱ्याकडे परवाना लागतो, आणि तो दिला जातो आरोग्य राखण्यासाठी. विदेशीचा एक दिवसाचा परवाना पाच रुपये, देशीचा दोन. म्हणजे वय भरलेल्या माणसानं दुकानात जाऊन आरोग्यापोटी खंबा उचलला तर तो नागरिक. त्यानं घरच्या बरणीत फळाचा रस ठेवला, तर कलम 65, बेकायदा दारू बनवण्याचं. त्या ग्रुपवर हसणाऱ्यांपैकी किती जणांचं आरोग्य शनिवारी रात्री गच्चीवर किती वाजेपर्यंत राखलं जातं, हे मला माहीत आहे. रविवारी सकाळी लिफ्टमध्ये वास येतो. तो उग्र असतो. त्याचा पंचनामा कधी होत नाही.

असो. रक्त आटवून उपयोग नाही.

तात्या दुसऱ्या दिवशी मंगळवेढ्याला परतले, पण प्रकरण त्यांनी बंद केलेलं नाही. रोज संध्याकाळी हरिपाठ झाला की त्यांचा फोन येतो. नमस्कार वगैरे काही नाही. “किती?” मी ग्लासासमोर बसून मोजतो आणि सांगतो. “उतरतंय,” ते म्हणतात आणि फोन ठेवतात. काल सहा सांगितले तर म्हणाले, घड्याळ लावून मोजा, अंदाजानं सांगू नका. मी पुन्हा मोजले. पाचच होते.

बुडबुडे थांबले की झाकण काढायचं आणि फडकं बांधायचं, हे घरात माझ्याशिवाय ठरलेलं आहे. बरणीवर बायकोनं चिठ्ठी चिकटवली आहे: ‘नळासाठी’. बोअरच्या पाण्यानं नळांवर पांढरा थर चढतो, तो व्हिनेगरनं सुटतो म्हणे. सॅलड आमच्याकडे कोणी खात नाही, हेही तिचं म्हणणं. समोरच्या वहिनींनी त्यातलं अर्धा लिटर आपल्या शॉवरसाठी आधीच सांगून ठेवलंय. परवा जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “भाऊजी, पुढच्या वेळी तेवढा चहा नका घालू. टाइल्सवर डाग पडतात.”