आपल्याच देशात परवानगी कशाला?

जानेवारी २०२४मध्ये पंतप्रधान लक्षद्वीपला जाऊन आले, मालदीवच्या काही उपमंत्र्यांनी त्यावर नको ते लिहिलं, आणि आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात मालदीववर बहिष्कार आणि लक्षद्वीपची सहल याशिवाय दुसरा विषय उरला नाही. मग कुणीतरी खरोखरच चौकशी केली आणि कळलं की लक्षद्वीपला जायला प्रवेश परवाना लागतो. भारतीयांनाही. धाकटे काका भडकले. "आपल्याच देशात फिरायला परवानगी? हा काय परदेश आहे?" आणि पाठोपाठ, अपेक्षेप्रमाणे, तोफेचं तोंड माझ्याकडे: "तुमच्या अमेरिकेत असलं काही नसणार."

असतं. आणि आपल्याहून जास्त गुंतागुंतीचं असतं.

अमेरिकेच्या ताब्यात समुद्रापार वस्तीचे पाच प्रदेश आहेत: प्वेर्तो रिको, यूएस व्हर्जिन आयलंड्स, ग्वाम, नॉर्दर्न मारियाना आणि अमेरिकन सामोआ. तिथे जायला पासपोर्ट लागतो का, याचं एकच एक उत्तर नाही. कुठे निघालात, कुठून निघालात, आणि तुम्ही नागरिक आहात की माझ्यासारखे पाहुणे, यावर ते बदलतं. प्वेर्तो रिकोचं विमान देशांतर्गत समजलं जातं. नागरिकाला गाडीचा परवाना पुरतो. मे २०२५पासून तो रिअल आयडी या केंद्र सरकारच्या ओळखपत्राच्या नियमात बसणारा असावा लागतो, इतकंच. इथल्या मराठी कुटुंबांत तिथल्या सान हुआन शहराचा समुद्र लोकप्रिय असण्याचं एक कारण अगदी व्यवहारी आहे. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या पासपोर्टावरच्या शिक्क्याची मुदत संपलेली असेल तर देशाबाहेर पाऊल टाकलं की परत येण्याआधी बहुतेक वेळा कॉन्सुलेटची वारी ठरलेली. प्वेर्तो रिकोला गेलं तर कायद्याच्या दृष्टीने तुम्ही अमेरिका सोडलेलीच नसते. कागद जवळ ठेवायचे, पण ते बहुधा बॅगेतच राहतात. परतीच्या वेळी तपासणी होते ती शेतकी खात्याची. माणसापेक्षा त्याच्या बॅगेतल्या फळांची चौकशी जास्त कसून होते.

शेजारच्या यूएस व्हर्जिन आयलंड्समधल्या सेंट थॉमसला मात्र वेगळा प्रकार. जाताना कुणी काही विचारत नाही. परतताना विमानतळावर सीमाशुल्क आणि सीमा सुरक्षा विभागाची खिडकी लागते. ही बेटं अमेरिकेने १९१७मध्ये डेन्मार्ककडून अडीच कोटी डॉलर सोन्यात मोजून घेतली आणि त्यांना देशाच्या जकात-हद्दीबाहेर ठेवलं. म्हणून मद्य-दागिन्यांची खरेदी तिथे स्वस्त, म्हणून परतताना जकातीची खिडकी, आणि एकदा खिडकी झाली की तिथला माणूस नागरिकत्वही विचारतो. माझा नवरा काही वर्षांपूर्वी इथला नागरिक झाला. मी अजून भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्डावर आहे. त्याला एक प्रश्न आणि परवान्यावर एक नजर. माझं कार्ड दोन्ही बाजूंनी पाहिलं गेलं. यात माझी तक्रार काही नाही. अठरा वर्षांवरच्या बिगरनागरिकाने नोंदणीचा कागद सतत जवळ बाळगायचा, हा इथला कायदाच आहे, आणि तो मान्य करूनच मी इथे राहते.

(जाता जाता: सेंट थॉमसहून फेरीबोटीने टोर्टोला अगदी जवळ आहे. ते मात्र ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स. शिक्का संपलेल्याने तिथे दुपारचं जेवायला जाऊ नये.)

त्या रांगेत मला खटकलं ते वेगळंच. मायामीहून मजा करायला आलेल्या प्रवाशाला बेटावर उतरताना कुणी हटकत नाही. पण त्याच बेटावर जन्मलेला, जन्माने अमेरिकन नागरिक असलेला माणूस मायामीला निघाला की त्याला दर वेळी या खिडकीसमोर उभं राहावं लागतं. म्हणजे दार आहे, पण त्याची कडी बेटाच्या बाजूला नाही. काकांचा प्रश्न दार असण्याबद्दल होता. मला तेव्हापासून वाटतं की आधी कडी पाहावी.

कडी बेटाच्या बाजूला कुठे आहे? प्रशांत महासागरातल्या अमेरिकन सामोआत. टुटुइला बेटाच्या प्रमुखांनी १९००मध्ये आणि मनुआच्या प्रमुखांनी १९०४मध्ये आपला प्रदेश अमेरिकेच्या स्वाधीन केला. तरी तिथे कोण येईल हे आजही तिथलंच सरकार ठरवतं. होनोलुलूहून जाणाऱ्या अमेरिकन नागरिकालाही पासपोर्ट किंवा जन्माचा प्रमाणित दाखला आणि परतीचं तिकीट दाखवावं लागतं. कारण जमीन. तिथली बहुतेक जमीन एकत्र कुळांच्या मालकीची आहे. कुळाचा प्रमुख, ज्याला मताई म्हणतात, ती सांभाळतो, आणि बाहेरच्याला ती विकत घेता येत नाही. याची किंमत ते लोक मोजतात. तिथे जन्मलेला माणूस अमेरिकेचा 'राष्ट्रीय' असतो, नागरिक नसतो. पासपोर्ट अमेरिकेचाच, पण त्यात तसा शेरा मारलेला. असा माणूस कॅलिफोर्नियात येऊन राहिला, कर भरला, सैन्यात गेला, तरी अध्यक्षाच्या निवडणुकीत मत देऊ शकत नाही. युटा राज्यात राहणाऱ्या काही सामोअन लोकांनी जन्मसिद्ध नागरिकत्वासाठी दावा केला, तेव्हा त्यांच्या विरोधात उभं राहणाऱ्यांत खुद्द अमेरिकन सामोआचं सरकार होतं. राज्यघटना पूर्णपणे लागू झाली तर समानतेच्या कलमाखाली जमिनीचे निर्बंध टिकणार नाहीत, ही त्यांची भीती. २०२१मध्ये अपील न्यायालयाने दावेदारांच्या विरोधात निकाल दिला. २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

आता याच्या शेजारी प्वेर्तो रिको ठेवा. पासपोर्ट लागत नाही, खिडकी नाही, १९१७पासून नागरिकत्व आहे. काकांच्या कसोटीवर शंभर टक्के एकात्म. पण बेटावर राहणाऱ्याला अध्यक्षासाठी मत नाही, आणि प्रतिनिधिगृहात बेटाचा जो एक प्रतिनिधी बसतो त्याला सभागृहाच्या अंतिम मतदानात हात वर करता येत नाही. तोच माणूस फ्लोरिडात राहायला आला की मतदार होतो. २०१७मध्ये मारिया वादळाने बेट उद्ध्वस्त झालं त्या सुमारास झालेल्या एका पाहणीत जवळजवळ निम्म्या अमेरिकनांना तिथले लोक आपलेच नागरिक आहेत हे ठाऊकच नसल्याचं दिसलं. याचं मूळ १९०१च्या एका खटल्यात आहे. प्वेर्तो रिकोहून न्यूयॉर्कला आलेल्या संत्र्यांवर ६५९ डॉलर जकात आकारली गेली. व्यापारी डाउन्स कोर्टात गेला, आणि सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की हा प्रदेश अमेरिकेच्या मालकीचा आहे, पण घटनेच्या दृष्टीने अमेरिकेचा पूर्ण भाग नाही. तो निकाल अजून रद्द झालेला नाही.

उघड्या दाराचा आणखी एक परिणाम. २०१२मध्ये तिथल्या सरकारने बाहेरून येऊन राहणाऱ्या गुंतवणूकदारांना भांडवली नफ्यावरच्या करात मोठी सूट दिली. मुख्य भूमीवरचे श्रीमंत येऊ लागले, किनाऱ्यालगतची घरं घेऊ लागले, आणि स्थानिक लोक भाड्यांच्या आणि घरांच्या किमतींच्या नावाने निदर्शनं करू लागले. सवलत त्यांच्याच सरकारची होती, हे खरं. पण येणाऱ्याला "किती दिवस राहणार?" एवढंही विचारायची सोय बेटाकडे नाही. सामोआने मत गमावून जमीन राखली. प्वेर्तो रिकोकडे पुरतं मतही नाही आणि दारही नाही. मला दोन्ही सौदे वाईट वाटतात, पण निवडायचंच झालं तर सामोअन लोकांनी सौदा डोळे उघडे ठेवून केला असं म्हणेन.

युरोपीय देशांचा हिशेब याहून वेगळा नाही. बर्म्युडा किंवा केमन बेटांवर जाणाऱ्या ब्रिटिश नागरिकाला पासपोर्ट लागतो आणि तिथे नोकरी करायची तर परवानाही. पण १९८३ ते २००२ या काळात त्यातल्या बहुतेक बेटांवरच्या लोकांना ब्रिटनमध्ये राहायचा हक्कच नव्हता. हिंदी महासागरातल्या फ्रान्सच्या मायोत बेटावर परदेशी माणसाला मिळालेला वास्तव्याचा परवाना फक्त मायोतपुरता; तो घेऊन पॅरिसला जाता येत नाही. ही कडी पॅरिसने लावली, आणि २०२४च्या सुरुवातीला रस्ते अडवून ती काढा म्हणणारे खुद्द मायोतचे लोक होते. मलेशियात उलट: क्वालालंपूरच्या नागरिकाला बोर्निओ बेटावरच्या सारावाक राज्यात नोकरीसाठी परवाना लागतो, कारण १९६३मध्ये संघात येताना सारावाकने प्रवेशावरचं नियंत्रण स्वतःकडे ठेवलं. आणि हिंदी महासागरातली चागोस बेटं. तिथे परवान्याशिवाय कुणीच जाऊ शकत नाही असा नियम ब्रिटनने केला, आणि १९६८ ते १९७३ दरम्यान तिथल्या मूळ रहिवाशांनाच बेटांवरून काढून त्यातल्या दिएगो गार्सियावर अमेरिकेला लष्करी तळ उभारू दिला. कडी बाहेरच्याच्या हातात गेली की शेवट कुठे होऊ शकतो, त्याचं यापेक्षा वाईट उदाहरण मला माहीत नाही.

काकांना हे सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "तुझं ठीक आहे गं, पण आम्ही श्यामाप्रसाद मुखर्जींची गोष्ट ऐकत मोठे झालो." त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. तेव्हा काश्मीरमध्ये जायला भारतीयांना परमिट लागत असे; मे १९५३मध्ये मुखर्जी ते न घेता गेले, अटक झाली, आणि २३ जूनला नजरकैदेतच त्यांचा मृत्यू झाला. १९५९मध्ये परमिट गेलं. त्या पिढीच्या मनात परवाना म्हणजे तुटलेपणा, हे समीकरण तिथून पक्कं झालं. पण आपल्या घटनेने हा प्रश्न त्याआधीच हाताळला होता. कलम १९ देशभर फिरण्याचा आणि कुठेही राहण्याचा हक्क देतं, आणि त्याच कलमाच्या पाचव्या उपकलमात अनुसूचित जमातींच्या हितासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालता येतील असं लिहिलं आहे. आणि आपल्या महाराष्ट्रात जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, सरकारी मंजुरीशिवाय आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला मिळत नाही. त्याला काका फुटीरपणा म्हणत नाहीत. ती जमीन आपल्या ओळखीची आहे, म्हणून.

ईशान्येत बाहेरच्या भारतीयांना लागणारा इनर लाइन परमिट तर इंग्रजांनी १८७३मध्ये सुरू केला. त्या कायद्यात डोंगरातलं रबर, मेण, हस्तिदंत यांच्या व्यापाराची कलमं आहेत. त्यांना राखायचा होता तो स्वतःचा व्यापार. तोच कायदा आज अरुणाचल, नागालँड, मिझोराम स्वतःहून धरून ठेवतात, आणि डिसेंबर २०१९मध्ये नागरिकत्व दुरुस्तीच्या वेळी मणिपूरलाही तो लागू झाला. मेघालयाच्या विधानसभेने तो आम्हालाही हवा असा ठराव केला. कडी इंग्रजांनी बाहेरून बसवली, लोकांनी ती आत ओढून घेतली.

आमची अरुणाचलची सहल बरेच दिवस घाटते आहे. तिथे सेंट थॉमसच्या उलट चित्र असेल. मला ऑनलाइन अर्ज करून इनर लाइन परमिट मिळेल. नवऱ्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं) असलं तरी त्याला परदेशी माणसाचं संरक्षित क्षेत्राचं परमिट काढावं लागेल. काकांना हे कळल्यावर जावयाबद्दल सहानुभूती वाटली, नियमाबद्दल नाही.

लक्षद्वीपच्या परवान्याच्या बाजूने मी वाद घातला, तरी आहे तसा तो मला पसंत नाही. ३२ चौरस किलोमीटर जमीन, २०११च्या जनगणनेनुसार ६४ हजार लोक, त्यातले ९४ टक्क्यांवर अनुसूचित जमातीचे, आणि प्रवाळाच्या बेटांखाली गोड्या पाण्याचा जेमतेम पातळ थर. तिथे येणाऱ्यांची संख्या मोजायलाच हवी. पण १९६७च्या नियमांनुसार मोजणारा कोण? केंद्राने नेमलेला प्रशासक आणि त्याचे अधिकारी. बेटांना विधानसभा नाही. २०२१मध्ये प्रशासनाने जमीन ताब्यात घेण्याचे व्यापक अधिकार देणाऱ्या विकास प्राधिकरणाचा मसुदा आणला, बेटांवर निषेध सुरू झाला, आणि तो पाहायला येऊ इच्छिणाऱ्या केरळच्या विरोधी खासदारांना प्रवेश परवाना नाकारला गेला. बेटवासीयांच्या रक्षणासाठी केलेला नियम बेटवासीयांचं गाऱ्हाणं ऐकायला येणाऱ्यांवर वापरला गेला.

काकांशी माझं एकमत होण्याची शक्यता इथेच आहे असं मला वाटलं होतं. पण त्यांनी मणिपूरच्या संघर्षाचा विषय काढला. "पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेला माणूस उद्या बाहेरचा ठरवला तर? तेव्हा ही तुझी कडी कोणाच्या हातात?" मी म्हटलं, प्रवेशाचा परवाना येणाऱ्या प्रवाशापुरता ठेवावा, तिथे घर असलेल्याला तो मागू नये, आणि नकार दिला तर कारण लेखी द्यावं. काका म्हणाले, घर कोणाचं हे ठरवण्यावरच तर भांडण आहे. तिथे आमचं बोलणं अडलं आहे. लक्षद्वीपची सहल त्यांनी अजून रद्द केलेली नाही. परवान्याचा अर्ज माझ्याकडून भरून घेणार आहेत.