बर्गर पकडायचा कुठून?

नागपुरात धरमपेठेपासून मनीषनगरपर्यंत आता जिकडे पाहाल तिकडे बर्गरची पाटी, अन् माझं त्याला काही म्हणणं नाही, पोट्टे खातात तं खाऊ द्या. माझी तक्रार फक्त उंचीबद्दल आहे. १९९६ साली मॅकडोनाल्ड्स भारतात आलं, मग तो आलूटिक्कीवाला बर्गर सगळीकडे झाला, तो कसा माणसाच्या तोंडाच्या मापाचा होता, एका हातात बर्गर, दुसऱ्या हातात गाडीची चाबी, काम खतम. आता जो येतो तो म्हणजे वर्धा रोडवरचा डबल डेकर पूल आहे बाप्पा, खाली रस्ता, त्याच्यावर फ्लायओव्हर, त्याच्यावर मेट्रो. तो पूल ३.१४ किलोमीटर लांबीसाठी गिनीज बुकात गेला, चांगलंच आहे, पण तो तोंडात घालून दाखवा असं कुणी म्हणत नाही नं.

झालं असं की भाची मिहानमध्ये नोकरीला लागली अन् पहिल्या पगाराची पार्टी म्हणून आम्हाला घेऊन गेली. आम्ही म्हणजे मी, बायको, आई अन् बाबा. बाबा एजी (महालेखापाल) ऑफिसातून रिटायर झालेले, म्हणजे जन्मभर ऑडिट, हे आत्ताच सांगून ठेवतो, पुढे लागेल.

मे महिना, आम्ही दारात, अन् दारातला पोट्टा म्हणतो थोडं वेटिंग आहे सर, बाहेर बसा. नागपुरात, मे महिन्यात, बाहेर बसा! २०१३ च्या मेमध्ये ४७.९ डिग्री पाहिलेलं गाव आहे हे, इथं सूर्य बुडल्यावरही डांबर गरमच असतं. खरं सांगायचं तं आमच्यापैकी निम्मे लोक बर्गरसाठी नाही, एसीसाठी आले होते.

आत गेलो तं बसायला उंच उंच स्टूल. आईला वर चढवायला दोघं लागले अन् चढल्यावर ती म्हणे, आता उतरायचं कसं ते आधी ठरवा, मग खाऊ. मेनूकार्ड नाहीच, टेबलावर चिकटवलेला तो चौकोनी कोड. भाचीनं मोबाईल उघडून बाबांच्या हातात दिला, बाबा वरून खाली डेझर्टपर्यंत गेले, परत वर आले अन् म्हणाले, "किंमती सोडून काही समजलं नाही." आईचा शनिवार होता म्हणून तिला व्हेज. व्हेजचा तवा वेगळा आहे का, असं तिनं वेटरला विचारलं, तो म्हणाला विचारून सांगतो, अन् जो गेला तो पाण्याच्या बाटल्यांचं झाकण उघडायलाच परत आला. तव्याचं काय झालं ते अजून कळायचं आहे.

मेनूत काही बर्गरांपुढे लाल मिरच्या काढलेल्या होत्या, एक मिरची, दोन मिरच्या, तीन मिरच्या. बाबांनी तीनवाला मागवला. वेटर वाकून अदबीनं म्हणाला, सर, हा खूप स्पायसी आहे, चालेल नं? बाबा जुन्या नागपुरातल्या महाल भागात वाढलेले, सावजी मटणाच्या रस्स्यात पोळी कुस्करून खाणारा माणूस, डोळ्यातून पाणी, नाकातून पाणी, अन् म्हणणार अजून रस्सा आण. त्यांनी त्या पोराकडे फक्त पाहिलं. बर्गर आल्यावर पहिला घास घेऊन ते बराच वेळ चावत राहिले, मग मला हळूच म्हणाले, "याच्यात गूळ घातला का बे?"

आता त्या उंचीची गोष्ट. मी भाचीला विचारलं, काऊन एवढा उंच? ती म्हणाली, मामा हा स्मॅश बर्गर आहे, म्हणजे खिम्याचा गोळा एकदम तापलेल्या तव्यावर टाकायचा अन् वरून जोरात दाबून चपटा करायचा, त्यानं त्याला खालून खरपूस पापुद्रा सुटतो, चव सगळी त्या पापुद्र्यात असते. मी म्हटलं बरोबर, पटलं, मग चपटा केलेला उंच कसा झाला? तं म्हणे चपटा केल्यावर एकानं पोट भरत नाही, म्हणून तीन रचतात. म्हणजे आधी ताकद लावून दाबायचा अन् मग एकावर एक ठेवून उंच करायचा, मधात चीज, मधात कांदा, वर टमाटर, अन् हा सगळा संसार पडू नये म्हणून वरून एक लांब काडी खुपसायची. ही काडी काढायची असते हे सांगत कुणी नाही.

सोबत काळे हातमोजे आले. आई म्हणाली, ऑपरेशन कुणाचं आहे?

मोजे घालून मी बर्गर दोन्ही हातांनी धरला, दाबला, तोंड उघडलं, जबड्यातून कट्ट आवाज आला, तरी वरचा पाव नाकाला अन् खालचा हनुवटीला. चावलो तं पुढचं काहीच तुटलं नाही, मागून मात्र टमाटरची चकती सट्‌कन निघाली अन् बायकोच्या ओढणीवर जाऊन बसली. तिच्या मागोमाग सॉस, तो मोज्याच्या आतून मनगटावर, मनगटावरून कोपराकडे. खाली ठेवावा म्हटलं तं ठेवताही येत नाही, कारण एकदा खाली ठेवलेला बर्गर परत बर्गर म्हणून उचलला जात नाही, मग ती भाजी होते. बायकोनं सुरी-काटा मागवला, सुरी लावली अन् वरचा मजला सरकून फ्राईजवर गेला. शेजारच्या टेबलावर एक जोडपं होतं, त्यांनी वरून, बाजूनं, काडी धरून असे फोटो काढले अन् मग शांतपणे चमच्यानं खाल्लं. म्हणजे त्यांना माहीत होतं. हा बर्गर फोटोसाठीच उंच केला आहे हो, तोंडाचा विचार त्यात कुणी केलेलाच नाही.

अन् एक चीजची चकती जास्त पायजे तं तिचे पैसे, ती पांढरी चटणी अजून वाटीभर पायजे तं तिचे पैसे. तर्री-पोहेवाल्याला "भाऊ, तर्री मार" म्हटलं की तो चण्यासकट पळीभर ओततो, परत म्हटलं तं परत ओततो, कधी हिशोबात धरत नाही. त्याच्याकडे एसी नाही ही गोष्ट वेगळी.

मग बिल आलं अन् बाबांना एकदम तरतरी आली. खिशातून पेन काढलं. सीजीएसटी अडीच टक्के, टिक. एसजीएसटी अडीच टक्के, टिक. सर्व्हिस चार्ज दहा टक्के, पेन थांबलं. "बोलाव मॅनेजरला." भाची कासावीस, आजोबा प्लीज, माझी पार्टी आहे. पण आजोबा आता ऑफिसात होते. मॅनेजर आला, म्हणाला सर ते ऑप्शनल असतं. बाबा म्हणाले, ऑप्शनल आहे तं आधी विचारायचं, नंतर लिहायचं, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच सांगितलं आहे की आपोआप लावता येत नाही, मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानंही ते कायम ठेवलं, अन् तुम्ही तं त्या चार्जवर जीएसटीही लावला आहे, हे पहा. मॅनेजरनं पाहिलं नाही, सरळ नवीन बिल आणलं. बाबांनी तेही तपासलं. मग आईला स्टुलावरून उतरवायला जो पोरगा धावत आला होता त्याच्या हातात त्यांनी स्वतःच्या पाकिटातून पन्नासची नोट ठेवली, अन् मॅनेजर पाहतो आहे ना, याची खात्री करून ठेवली.

निघताना दारात अजून एक कोड, रिव्ह्यू द्या म्हणे. बाबा सांगत गेले अन् भाची टाईप करत गेली. पाव मऊ, मान्य. टिक्की बरी. तिखटपणाचा दावा पुराव्याअभावी अमान्य. उंचीबाबत खुलासा मागवावा. तवा वेगळा असल्याबद्दल लेखी उत्तर अप्राप्त. भाचीनं वर चार स्टार ठोकून पाठवून दिलं, नोकरी नवीन आहे, मन मोठं आहे.

दुसऱ्या दिवशी खाली त्यांचं उत्तर आलं, थँक यू सर, पुन्हा नक्की या. बाबा म्हणतात मुद्द्याचं उत्तर एकही नाही, ऑडिटचा आक्षेप कायम, पॅरा ड्रॉप होत नाही.