एक स्क्रू, दोन वायरी आणि बाकीचा उपद्व्याप

लॅपटॉपचं वाय-फाय कार्ड एका स्क्रूच्या आणि दोन वायरींच्या भरवशावर बसलेलं असतं. वायरी उचला, स्क्रू काढा, जुनं बाहेर, नवं आत, पुन्हा स्क्रू, पुन्हा वायरी. काम दोन मिनिटांचं. व्हिडिओवाले हेच दाखवतात आणि त्यात खोटं काही नाही. त्या दोन मिनिटांच्या अलीकडे काय होतं आणि पलीकडे काय होतं, एवढंच दाखवत नाहीत. इंदुरात जेल रोडवर कापडी पिशवीत लॅपटॉप घालून फिरणारी मंडळी बहुधा या अलीकडे-पलीकडेच अडकलेली असतात.

सुरुवात निदानापासून होते, आणि निदान घरीच होऊन आलेलं असतं. रामबागेतले काका काउंटरवर लॅपटॉप ठेवतात आणि जाहीर करतात, "कार्ड उडालंय."

"कशावरून काका?"

"वाय-फाय येत नाही ना!"

एवढ्या पुराव्यावर कुणाला फाशी देऊ नये. आधी कीबोर्डच्या वरच्या रांगेत विमानाचं चित्र असलेलं बटण बघावं. सुट्टीत आलेला नातू खेळता खेळता ते दाबून परत पुण्याला गेलेला असतो. जुन्या लॅपटॉपांत याच कामासाठी कडेला एक सरकता खटका असायचा, तो तर पिशवीत घालतानाच सरकतो. मग डिव्हाइस मॅनेजर उघडून 'नेटवर्क अडॅप्टर्स' बघावं. कार्डाचं नाव आहे पण शेजारी पिवळा त्रिकोण आहे, तर संशय ड्रायव्हरवर, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. नावच नाही, तर कार्ड सैल झालंय, मेलंय किंवा बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, कुणीतरी बंद केलंय. कधी कधी ते नुसतंच अडून बसलेलं असतं, तेव्हा लॅपटॉप बंद करून चार्जर काढायचा आणि पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरायचं.

इथे एक गंमत आहे. 'शटडाउन करून पाहिलं' असं म्हणणाऱ्याला 'आता रीस्टार्ट करा' म्हटलं की तो आपल्याकडे दयेने बघतो. पण विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन हे अर्धवट झोपणं असतं, खरी नवी सुरुवात रीस्टार्टमध्येच होते. हे पटवण्यात जितका वेळ जातो तितक्यात दोन कार्डं बदलून होतील.

आणि वाय-फाय येतं, पण राउटरच्या मांडीवर बसल्यावरच येतं, अशी तक्रार असेल तर कार्डाला हातच लावू नये. अँटेना पडद्याच्या चौकटीत असतात आणि त्यांच्या वायरी बिजागरीतून खाली येतात. "मागच्या महिन्यात बिजागरी रिपेअर केली होती का?" असं विचारलं की समोरचा क्षणभर गप्प होतो. वायर चिरडलेली असते, नाहीतर घाईत खालचं टोक लावायचंच राहून गेलेलं असतं. अशा लॅपटॉपात जगातलं सगळ्यात महाग कार्ड घातलं तरी ते बिचारं बहिरंच राहणार.

समजा, कार्ड खरंच गेलंय. आता खरेदी. सिल्व्हर मॉलमध्ये कुठल्याही दुकानात लॅपटॉपचं मॉडेल सांगा, उत्तर येतं, "लग जाएगा भिया." आणि ते खरंच लागतं. साधारण गेल्या दहा वर्षांतल्या लॅपटॉपांत एम.२ स्लॉट असतो, कार्डाचं माप २२३०, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ३० लांब. खाच ए किंवा ई प्रकारची, बऱ्याच कार्डांवर दोन्ही. त्यामुळे बसायचं म्हटलं तर सगळंच बसतं. त्याआधीच्या लॅपटॉपांत मिनी पीसीआय एक्सप्रेसचं जरा रुंद कार्ड असायचं. ही दोन एकमेकांच्या स्लॉटात जात नाहीत, हे फार बरं आहे, कारण जात असती तर आपल्याकडे हातोडीने घातली असती.

गोंधळ आहे तो नावांत. इंटेलचं एएक्स२०० आणि एएक्स२०१. एएक्स२१० आणि एएक्स२११. शेवटी शून्य असलेली कार्डं आपल्या पायावर उभी असतात, साध्या पीसीआय एक्सप्रेसवर, म्हणजे बोर्डावरच्या नेहमीच्या जोडणीवर चालतात, इंटेलऐवजी एएमडी कंपनीचा प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपातही. शेवटी एक असलेली कार्डं अर्ध्याच बुद्धीची आहेत. त्यांचा उरलेला अर्धा भाग इंटेलच्या प्रोसेसरच्या किंवा चिपसेटच्या पोटात असतो, या पद्धतीला सीएनव्हीआय म्हणतात. तेव्हा एएमडीच्या लॅपटॉपात एएक्स२०१ छान बसतं, स्क्रूही घट्ट होतो, आणि पुढे काहीही होत नाही. दुकानदाराला विचारलं तर म्हणतो, "दोनों एक ही है." रुपयांच्या हिशोबाने तो बरोबरही असेल. वाय-फाय ७ चं बीई२०० तर एएमडीवर बहुधा चालतच नाही, तेव्हा नवं ते चांगलं म्हणून उचलू नये.

पातळ लॅपटॉपवाल्यांसाठी ही सगळी चर्चा व्यर्थ आहे. त्यांतल्या बऱ्याच मॉडेलांत वाय-फायची चिप बोर्डावरच डाखलेली असते. स्लॉटच नाही. खालचं झाकण उघडल्यावर हे कळण्यापेक्षा आधी मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल बघितलेलं बरं. हेच मॅन्युअल आणखी एका संकटातून वाचवतं. जुन्या काही लॅपटॉपांच्या बायोसमध्ये ठरावीक कार्डांचीच यादी असे. यादीबाहेरचं कार्ड दिसलं की विंडोज सुरूच होत नसे, काळ्या पडद्यावर 'अनधिकृत कार्ड काढा' अशी नोटीस लागे. थिंकपॅड लॅपटॉपांच्या जुन्या पिढ्यांत त्या नोटिशीचा आकडा १८०२. यावर उपाय म्हणजे त्याच कंपनीचा पार्ट नंबर असलेलं कार्ड शोधणं. वाद घालून उपयोग नाही.

आणि ज्यांचं टॅली विंडोज ७ वर चालतं आणि 'चाललंय ते चालू दे' हे ज्यांचं धोरण आहे, त्यांनी एएक्स मालिकेच्या वाटेला जाऊ नये. इंटेलने त्यांचे ड्रायव्हर विंडोज १० च्या ६४ बिटपासूनच दिलेत. अशांना जुनं ७२६० बरं. ते मिनी आणि एम.२ दोन्ही मापांत निघालं होतं.

मग झाकण उघडायचा सोहळा. घरातल्या सगळ्यांना बोलावलं जातं. एक जण टॉर्च धरतो आणि जिथे हाताची सावली पडेल नेमकं तिथेच धरतो. दिसणारे सगळे स्क्रू काढूनही झाकण निघत नाही, कारण उरलेले दोन रबराच्या पायांखाली लपलेले असतात. तेव्हा जी 'करकर' ऐकू येते ती प्लॅस्टिकच्या आकड्यांची नसून पुढच्या खर्चाची असते. सुरी, कानशी, पेचकस यांतलं काही आत खुपसू नका. जुनं एटीएम कार्ड किंवा गिटारची पिक पुरते. स्क्रू सारख्या लांबीचे नसतात, म्हणून कागदावर लॅपटॉपची चौकट काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी टेपने चिकटवावा. आखूडच्या जागी लांब स्क्रू पिळला तर तो हात टेकायच्या जागेतून वर डोकावतो.

उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचं कनेक्टर बोर्डापासून वेगळं करणं. हे न करता काम करणारे शूर लोक आहेत, पण स्क्रू आत पडल्यावर ते लॅपटॉप उलटा करून हलवतात, आणि तो स्क्रू नेमका बोर्डावरच्या दोन भलत्या पिनांवर जाऊन बसतो. आपल्या माळव्यात थंडीत हवा कोरडी असते, शाल काढताना चटचट आवाज येतो. शाल लांब ठेवा आणि कार्ड धरण्याआधी धातूच्या कशाला तरी हात लावा.

आता वायरी. आधी फोटो काढा. आत्ताच. साधारणपणे पांढरी वायर मेन म्हणजे १ वर आणि काळी ऑक्स म्हणजे २ वर जाते, कार्डावर पांढरा-काळा त्रिकोण छापलेलाही असतो, पण रंगांची पद्धत सगळ्या कंपन्यांची एक नाही. अदलाबदल झाली तरी बहुधा चालून जातं. वायर धरून ओढलं तर मात्र चालत नाही. कनेक्टरच्या खाली प्लॅस्टिकची पातळ पट्टी घालून सरळ वर उचलायचं. एम.२ कार्डावरचं हे कनेक्टर मोहरीच्या दाण्याएवढं, आणि काढघालीचं त्याचं आयुष्य साधारण तीसेक वेळांचं. बसवताना ते बरोबर मधोमध ठेवून नखाने सरळ खाली दाबायचं, 'टक्' असं जाणवतं. जाणवलं नाही तर थोडं सरकवायचं, जोर वाढवायचा नाही. वाकलं की ते पुन्हा गोल होत नाही. मिनी कार्डाच्या वायरीचं टोक मोठं असतं, ते एम.२ वर बसत नाही. स्वस्तातल्या काही लॅपटॉपांत कंपनीने वायर एकच दिलेली असते. अशा वेळी "दुसरी कुठे पडली?" म्हणून सतरंजी झटकत बसू नका. ती एक १ वर लावा. वेग कमी मिळेल, पण चालेल.

कार्ड स्लॉटात तिरकं घालायचं, पंचवीस-तीस अंशांत. सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी झाली पाहिजे. सोडलं की ते वरच उभं राहतं, तसंच असतं ते. खाली दाबून स्क्रू लावायचा. स्क्रूचं भोक जुळत नसेल तर कार्ड पूर्ण आत गेलेलं नाही, भोक मोठं करण्याची गरज नाही. ही सूचना विनाकारण दिलेली नाही.

झाकण लागलं, लॅपटॉप सुरू झाला, आणि विंडोज म्हणतं ड्रायव्हर हवा. ड्रायव्हर इंटरनेटवर, इंटरनेट वाय-फायवर, वाय-फाय ड्रायव्हरवर. म्हणून ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवावा, ब्लूटूथचा वेगळा. राहून गेलं असेल तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करावं, म्हणजे फोनचं इंटरनेट लॅपटॉपला मिळतं. त्यावर काकूंचा फोन येतो, "अरे, केबल लावली तर नुसतं चार्जिंगच होतंय!" ती केबल चार्जिंगपुरतीच असते, आत डेटाच्या तारा नसतातच. लिनक्सवाल्यांनी एएक्स२१० साठी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ५.१० किंवा त्यापुढचं आहे ना ते पाहावं. त्यांना बाकी काही सांगायची सोय नसते.

या सगळ्यापेक्षा यूएसबी डोंगल, म्हणजे बाहेरून खोचायचं वाय-फाय, लावावा, असं माझं मत मी बहुतेकांना देतो. वॉरंटी शिल्लक असेल तर नक्कीच. त्याच्यासोबत ड्रायव्हरची छोटी सीडी मिळते, आणि ती ज्या लॅपटॉपात घालायची त्याला सीडी ड्राइव्ह नसतो, एवढी अडचण सोडली तर सोपं काम आहे. फक्त २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही बँडचा घ्या. नखाएवढे स्वस्त डोंगल बहुधा नुसते २.४ गिगाहर्ट्झचे असतात, आणि राजवाड्याजवळच्या जुन्या वस्तीत त्या पट्ट्यावर आख्ख्या गल्लीचे राउटर एकमेकांवर ओरडत असतात. २०१८ मध्ये सरकारने ५ गिगाहर्ट्झचे पट्टे विनापरवाना मोकळे केले ते कशासाठी! मात्र घरचा राउटर एकाच बँडचा असेल तर खोक्यावरच्या २४०० मेगाबिटच्या आकड्याकडे बघू नका. त्याला १६० मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा देणारा राउटर लागतो, आणि चाळीस मेगाबिटच्या प्लॅनला तो लागत नाही.

तरीही शेवटी सगळं जमतं, कांड्या भरतात, काका खूश होतात. लॅपटॉप पिशवीत जातो न जातो तोच काउंटरवर पडलेल्या, त्यांच्या बायकोच्या लॅपटॉपातून काढलेल्या चांगल्या कार्डाकडे त्यांचं लक्ष जातं. "हे वाया का घालवायचं? आमच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये बसेल?"

बसेल काका. एक अडॅप्टर घ्या, एम.२ चं पीसीआय एक्सप्रेस करणारा. मागे लावायला दोन अँटेना आणि त्यांच्या वायरी. ब्लूटूथ हवं असेल तर मदरबोर्डवर यूएसबीच्या रिकाम्या पिना आहेत का बघा. आणि त्याआधी चष्मा लावून कार्डावरचा शेवटचा आकडा वाचून सांगा, शून्य आहे की एक?