‘रात्री घेतली, सकाळी उतरली’ हा हिशोब जुळत नाही

आमच्या एमआयडीसीतल्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा फिरतोय: ‘कामगार रात्री स्वतःच्या पैशाने पितो, सकाळी वेळेवर पंच करतो. कंपनीला काय घेणं? मुरलेल्याला तर घेतल्याशिवाय काम सुधरत नाही. आणि जोडीदार सांभाळून घेतात, नुकसान कुणाचंच नाही.’ पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनच्या विभागात, म्हणजे प्रेस शॉपला, वीस वर्षं सुपरवायझर होतो, म्हणून बोलतो.

सकाळी उतरते? मांडून बघा. रात्री नऊ ते बारा व्हिस्कीची एक क्वार्टर (१८० मिली), वर एक नाइंटी (९० मिली). झाले २७० मिली. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम दारू जाळतं, दर १०० मिली रक्तामागे. पासष्ट किलोच्या गड्याच्या रक्तात एवढ्याने साधारण २०० चढते, नऊ ते सात या दहा तासांत १५० जळते. म्हणजे फर्स्ट शिफ्टला सातच्या ठोक्याला ५० च्या आसपास शिल्लक. माणसागणिक कमीजास्त होईल. पण गाडी चालवायला कायदा ३० च्या पुढे परवानगी देत नाही, आणि हा प्रेससमोर उभा. लिंबूपाणी, अंघोळ, टपरीवरचा कडक चहा यांनी जाळण्याचा वेग तसूभर वाढत नाही.

घेतल्याशिवाय सुधरत नाही, हे मात्र खरंय. माप घ्यायचं गेज धरताना हात थरथरतो, घोट गेला की थांबतो. आजार म्हणतात तो हाच. अशाला ‘उद्यापासून बंद’ असा दम देणंही धोक्याचं, एकदम तोडली की फिट येऊ शकते. डॉक्टर लागतो. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून याच कामाला आहे.

आता सांभाळून घेण्याचं. आमच्याकडे ठेकेदाराचा एक मुलगा होता, ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड नसलेला. पगारानंतरचे त्याचे खाडे आम्ही रजेत बसवायचो. वास आला की मागे स्क्रॅप उचलायला पाठवायचो. एका सकाळी माणूस कमी पडला, त्याला प्रेसवर घेतलं. जुनी प्रेस, दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून दोन हातांनी दाबायची दोन बटणं. उत्पादन भरावं म्हणून जोडीदाराने एक चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

तेव्हाच्या १९२३ च्या भरपाई कायद्यात एक कलम होतं: अपघात थेट नशेमुळे झाला, तर मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व सोडून मालक भरपाई देणं लागत नाही. दोन बोटं त्यात बसत नाहीत. साहेबांनी ते कलम दाखवलं, चिकटपट्टीचा विषय कुणीच काढला नाही. शेवटी सांभाळणाऱ्यांनीच वर्गणी काढली. मी पाचशे टाकले.